दगडाजवळची पाच फूट जागा

डॉ. कुमुद सागवेकर यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या पांढऱ्या माश्यांची देखभाल करत होत्या. मी मंडणगडहून सकाळच्या एसटीने आलो होतो. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात प्रमाणपत्रांची फाईल. रत्नागिरी शहराबाहेर सड्यावर, म्हणजे उंचावरच्या कातळी माळावर, आमचं संशोधन केंद्र आहे. तिथल्या शिपायाने जाळीघराकडे बोट दाखवलं आणि स्वतः मात्र पायरीवरच थांबला. आत वांग्याच्या आणि सोयाबीनच्या कुंड्या होत्या. सोयाबीनची पानं हिरवी नव्हती, पिवळ्या चट्ट्यांनी भरलेली होती. जाड चष्म्याच्या एक ठेंगण्या बाई पान उलटं धरून त्याच्या पाठीकडे बघत होत्या. त्यांनी पान जरासं हलवलं, तशी चुलीतली राख उडावी तशा शेकडो माश्या उठल्या आणि पुन्हा त्याच पानावर येऊन बसल्या.

"दार लाव," बाई म्हणाल्या. "बाहेर गेल्या तर माझ्या हातच्या गेल्या."

मी दार लावलं. त्यांनी नाव विचारलं नाही, गाव विचारलं. त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी "मंडणगड" झालो, तो आजतागायत. केंद्रातल्या प्रत्येकाला त्यांनी असंच गावाचं नाव दिलं होतं. माझी नेमणूक झाली तेव्हा शिपायाने मला बाजूला घेऊन सांगितलं, "सायेब, शेतात जा, पन अंधार पडायच्या आत खाली या. बाईंचं शेत चांगलं नाय."

बाईंच्या या गौरवग्रंथाचे पुष्कळ वाचक शेतीबाहेरचे असतील, म्हणून थोडं सांगतो. सोयाबीनला पिवळा मोझॅक नावाचा विषाणूजन्य रोग होतो. शेतकरी त्याला केवडा म्हणतात. पांढरी माशी आजारी झाडाचा रस पिते आणि तोच रोग निरोगी झाडाला देते. एकदा झाडाच्या अंगात तो शिरला की त्यावर औषध नाही. पानं पिवळी पडतात, शेंगा पोचट राहतात, आणि शेत दुरून एखाद्या सणासाठी सजवल्यासारखं दिसतं. फवारणीने माश्या मरतात, पण चार दिवसांनी दुसऱ्या येतात. खरा उपाय एकच, ज्याच्या रक्तातच हा रोग रुजत नाही असं वाण तयार करणं. आणि असं वाण शोधायचं तर हजारो झाडांना आधी रोग द्यावा लागतो, मग कोण उभं राहतं ते बघावं लागतं.

घाटावर सोयाबीनची शेतं दूरवर पसरलेली, पण तिथे रोगाचा भरवसा नाही. एक वर्ष येतो, एक वर्ष येत नाही. बाईंना दरवर्षी हमखास येणारा रोग हवा होता. पावसाळ्यात आमच्याकडे माश्या धुऊन जातात, म्हणून पेरणी संक्रांतीच्या सुमारास, विहिरीच्या पाण्यावर. तपासायच्या वाणांच्या दर चार ओळींमागे एक ओळ हमखास आजारी पडणाऱ्या वाणाची. तिला आम्ही रोगाची ओळ म्हणतो. शिमगा येईपर्यंत या ओळी पिवळ्याजर्द होतात आणि शेजाऱ्यांना आपल्यातलं देत राहतात. पावसाळ्याचे चार महिने हाच रोग जाळीघरात कुंड्यांमधून जिवंत ठेवायचा. एका आषाढात कुंड्यांना बुरशी लागून माश्या मरायला लागल्या, तेव्हा बाई तीन दिवस घरी गेल्या नाहीत. घरात कुणी आजारी असावं तशा त्या कुंड्यांजवळ बसून होत्या. त्यांनी माश्या वाचवल्या आणि माश्यांनी रोग वाचवला. ऐकायला हे विचित्र वाटेल, पण माझ्या गुरूंनी आयुष्यभर एक रोग जतन केला, हे मी अभिमानाने लिहितो आहे.

शेताविषयी शिपाई बोलला ते मला महिन्याभरात पटलं. दिवसा काही नसायचं. पण साडेपाचला माणसं खाली उतरली आणि ऊन काजूंच्या मागे गेलं की सड्यावरचं सगळं काळवंडायचं. कातळ, दगडी बांधांचे गडगे, झाडं, सगळं. पिवळ्या ओळी मात्र तशाच दिसत राहायच्या. त्या शेतात माणसं आपोआप हळू बोलायची. मी भित्रा नाही असं मला वाटत होतं, पण वही विसरली म्हणून एकटा परत जायची वेळ आली की मी ती वही दुसऱ्या दिवशी आणायचो.

शेताच्या वरच्या टोकाला एक उभा दगड होता. राखणदाराचा दगड. जमिनीचा जो कुणी न दिसणारा धनी असतो त्याचा. दगडाला लागून असलेली शेवटची ओळ कुणीच घेत नसे, म्हणून ती नवख्याला, म्हणजे मला मिळाली. त्या वर्षी शिमग्याला सगळं शेत पिवळं पडलं आणि माझ्या ओळीत दगडाजवळची पाचेक फूट झाडं हिरवीगार उभी राहिली. मी त्यांचं बी राखलं. दुसऱ्या वर्षी तेच बी तिथेच पेरलं, पुन्हा हिरवं. तिसऱ्या वर्षीही तेच. माझा प्रबंध त्याच झाडांवर उभा राहत होता. घाटावरच्या शेतकऱ्यांना बी देऊन बघू या, असं वरिष्ठ म्हणायला लागले होते. मी गावी आईला फोन करून सांगितलं होतं की मला सापडलं.

या काळातली एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. सकाळी त्या टोकाला गेलं की मला धुराचा वास यायचा. जळलेलं कुठे काही नाही, राख नाही, निखारा नाही, नुसता वास. दगडावर रोज एक ताजं फूल. मी कामावरच्या बायकांना विचारलं, "वास येतोय का?" सगळ्यांनी एकमेकींकडे बघितलं. "कसला वास?" एक म्हणाली आणि निंदणीला लागली. त्यानंतर मी विचारणं सोडलं.

बाई मिरकरवाड्याच्या. वडील होडीवर, आई बंदरावर मासे विकणारी. आपलं शास्त्र आपण आईच्या टोपलीपाशी शिकलो असं त्या सांगत. मी तीन वर्षांचे आकडे घेऊन त्यांच्यासमोर बसलो, तेव्हा त्यांनी सगळं नीट वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "मासा ताजा आहे का, हे विकणाऱ्याला विचारायचं नसतं. कल्ला उघडून बघायचा. तुझं बी यंदा शेताच्या मधोमध लाव, दोन्ही बाजूंनी रोगाच्या ओळी देऊन. आणि दगडाजवळच्या तुझ्या जागेत रोगाचं वाण पेर."

मला राग आला. तीन वर्षं बघूनही विश्वास नाही! पण मी पेरलं, कारण मला खात्री होती.

त्या वर्षीचा शिमगा मी विसरणार नाही. पालखी वाडीत नाचत होती, ढोल वर सड्यापर्यंत ऐकू येत होता, आणि मी शेताच्या मधोमध उभा होतो. माझं बी पिवळं पडलं होतं. एकही झाड वाचलं नव्हतं. मग मी चालत दगडाकडे गेलो. तिथे रोगाचं वाण, जे जन्माला येतं तेच आजारी पडायला, पाच फूट हिरवंगार उभं होतं. पुढे सहाव्या फुटापासून पिवळं.

म्हणजे बी नव्हतं, जागा होती. तीन वर्षं मी झाडं निवडत होतो असं मला वाटत होतं, आणि ती जागाच मला हवं ते दाखवत होती. शेजारी उभ्या असलेल्या शेवंता मावशी शांतपणे म्हणाल्या, "जागा राखते, सायेब." मावशी खालच्या वाडीतल्या, केंद्र सुरू झालं तेव्हापासून शेतावर होत्या. त्यांच्या तोंडून ते ऐकल्यावर मी सरळ खाली उतरलो आणि बाईंना सांगितलं की मला दुसरी ओळ द्या, नाहीतर सोडा.

बाई हसल्या नाहीत. "घाबरलास?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. "बरं झालं. घाबरलेला माणूस नीट बघतो. उद्या सुटीनंतर आपण दोघं तिथे बसू."

दुसऱ्या दिवशी सगळे खाली उतरल्यावर आम्ही काजूच्या झाडामागे बसलो. बाईंनी डबा आणला होता, त्यातली अर्धी भाकरी मला दिली. मी खाल्ली, पण चव कळली नाही. ऊन गेलं. पिवळ्या ओळी उरल्या. मग वारा पडला आणि तोच वास आला. "तीन वर्षं हाच वास येतोय, कुणी कबूल करत नाही म्हणून मी विचारणं सोडलं," मी बाईंच्या कानात म्हणालो. गडग्यापलीकडून कुणीतरी वाकून चढत होतं, आणि त्याच्या हातात लालसर काहीतरी होतं. मी बाईंचा दंड धरला. त्यांनी माझा हात झटकला नाही, आपला दुसरा हात त्यावर ठेवला.

त्या शेवंता मावशी होत्या. हातात फुटक्या मडक्याचं खापर, त्यात नारळाच्या सोडणाचे निखारे. त्यांनी खापर दगडापाशी ठेवलं, वर ओल्या निर्गुडीची पानं घातली, दाट धूर झाला. मग दगडावर फूल वाहून, हात जोडून त्या बोलायला लागल्या. गाऱ्हाणं घालत होत्या. धूर त्या पाच फुटांवर जमिनीलगत पसरला, आणि मला अचानक माझ्या आजोळचा गोठा आठवला, जिथे याच धुरीने डास पळवायचे.

खापर विझेपर्यंत मावशी बसल्या. मग राख त्याच खापरात घेऊन उठल्या आणि वळल्या तर समोर बाई.

"मला कधी सांगितलं नाहीस गो?" बाई म्हणाल्या.

मावशी म्हणाल्या, "तुमी हितं मुद्दाम रोग पेरता, बाय. ज्याची जमीन हाय त्याला कदी इचारलंत? म्हनून पाच वर्सं मी रोज धुरी घालतंय नि माफी मागतंय. तुमाला सांगितलं असतं तर तुमी बंद केली असती."

"केली असती," बाई म्हणाल्या. खोटं बोलून वेळ मारून नेणं त्यांना कधी जमलं नाही.

मी मात्र भडकलो. माझी तीन वर्षं मावशींच्या धुरात गेली होती, आणि सगळ्या बायकांना ते ठाऊक होतं! मी काहीतरी बोलणार तोच बाई म्हणाल्या, "मंडणगड, ती पाच वर्षं धुरी घालते आहे. तू तीन वर्षं वास घेतोस. विचारणं सोडलं कुणी, तिने की तू?" मग त्या मावशींना म्हणाल्या, "धुरी बंद करू नको. ती पाच फूट तुझी. आम्ही तिथे काही तपासणार नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी शेताच्या आराखड्यावर ती जागा आखून वेगळी काढली. मी विचारलं, मग ती रिकामी ठेवायची का? "नाही," त्या म्हणाल्या. "रोगाचंच वाण पेरायचं. तिला वाचवायला काहीतरी हवं ना."

बाईंच्या मोठेपणाविषयी मला कुणी विचारलं तर मी हे वाक्य सांगतो. ज्ञान पुष्कळांकडे असतं.

माझा प्रबंध अर्थातच कोसळला. वरिष्ठांच्या बैठकीत बाईंनी चूक माझी आहे असं म्हटलं नाही. "ओळ मी दिली होती" एवढंच म्हणाल्या. पदवी लांबली. घरी सांगायचं धाडस मला होईना. तेव्हा एका रविवारी बाई एसटीने मंडणगडला आमच्या घरी आल्या, न कळवता. आईने घाईघाईने कुळथाचं पिठलं आणि भात वाढला. जेवताना त्या माझ्या वडिलांना म्हणाल्या, "तुमच्या मुलाला उशीर होणार आहे. खोटं बी त्याच्या हातून शेतकऱ्याकडे गेलं नाही, म्हणून उशीर." वडील थोडा वेळ भात कालवत राहिले आणि म्हणाले, "मग होऊं दे उशीर." परतीच्या एसटीत बसवायला मी गेलो तर मला रडू आलं. बाईंनी खिडकीतून रुमाल दिला आणि सोमवारी वेळेवर ये म्हणून बजावलं.

खरं वाण पुढे मिळालं, आणि ते कसं मिळालं हेही सांगायला हवं. सोयाबीनचा एक रानटी भाऊबंद असतो. वेलीसारखा लोळणारा, बारीक काळ्या दाण्याचा, खाण्याच्या कामाचा नाही. बाईंनी त्याच्याशी आपल्या चांगल्या वाणांचा संकर केला आणि मग वर्षानुवर्षं पिढ्या काढल्या. एका वर्षी शेताच्या मधोमध, चारी बाजूंनी पिवळ्याने वेढलेलं एकच झाड हिरवं राहिलं. आम्ही नाचायच्या बेतात होतो. बाईंनी त्याच्यावर जाळीचा पिंजरा घातला आणि जाळीघरातून आजारी माश्या आणून त्यात सोडल्या. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. त्याच्या पिलांवर, त्यांच्या पिलांवर. त्या झाडाला आजारी पाडायचा त्यांनी इतका मनापासून प्रयत्न केला की आम्हाला त्यांची भीती वाटायला लागली. "रोगाला पुरी संधी दिल्याशिवाय मी कुणाच्या शेतात बी पाठवणार नाही," त्या म्हणायच्या. शेवटच्या तपासणीच्या दिवशी त्यांनी पिंजरा उचलला, पान उलटं केलं, बराच वेळ बघितलं आणि खाली मातीत बसल्या. "नाही रे पडलं," एवढंच त्यांना बोलता आलं. डोळे पुसायला त्यांनी माझाच रुमाल मागितला. आज ते वाण घाटावरच्या शेतांत उभं आहे. त्याला आपलं नाव देऊ दिलं नाही हे त्यांच्या स्वभावाला धरूनच झालं.

बाई निवृत्त झाल्या तेव्हा शेत माझ्याकडे आलं. मावशी थकल्या तरी धुरी घालायला चढत होत्या. काही वर्षांपूर्वी त्या आजारी पडल्या. बाई रोज त्यांच्या उशाशी जाऊन बसत. मावशी गेल्या त्या दिवशी बाई मला म्हणाल्या होत्या, "शेवटपर्यंत काहीतरी मागत होती." काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. तीच जुनी खोड.

त्यानंतरच्या शिमग्याला मी मनाची तयारी करून शेतात गेलो. धुरी बंद झाली होती, तेव्हा दगडाजवळचं आता पिवळं पडणार, आणि ते बघायचं माझ्या जिवावर आलं होतं. पण ती पाच फूट हिरवी होती. सहाव्या फुटापासून पिवळं. दगडावर ताजं फूल. सकाळची वेळ, चांगलं ऊन, आणि तरी माझ्या अंगावर सरसरून काटा आला. मी कामावरच्या बायकांना विचारलं, वास येतोय का? त्यांनी एकमेकींकडे बघितलं.

"कसला वास?" एक म्हणाली.

यावेळी मी विचारणं सोडलं नाही, पण त्यांना पुन्हा विचारलंही नाही. सुटीनंतर त्याच काजूच्या झाडामागे जाऊन बसलो. ऊन गेलं, पिवळ्या ओळी उरल्या. खाली फाटकापाशी रिक्षा थांबल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. मग काठीचा आवाज. कातळावर काठी, थांबणं, पुन्हा काठी. गडग्यापलीकडून एक ठेंगणी आकृती वर आली, आणि तिच्या दुसऱ्या हातात खापर लालसर दिसत होतं.

बाईंनी खापर दगडापाशी ठेवलं. निर्गुडीची पानं घालायला वाकताना त्यांना दगडाचा आधार घ्यावा लागला. मग त्यांनी हात जोडले. माझ्या गुरूंना मी कधी कुठल्या देवळात पाहिलं नव्हतं. त्या मिरकरवाड्याच्या बोलीत बोलत होत्या, जी त्यांनी केंद्रात कधी वापरली नाही.

"बा राखणदारा, आमी तुझ्या जमिनीत रोग पेरतांव. शेवंता माफी मागायची, ती आता नाय. म्हनून मी येतंय. पोरांच्या हातून काय चुकलं माकलं तर पोटात घे. नि त्यांचं हिरवं खरं असू दे."

त्या यावर विश्वास ठेवतात का, हे मला माहीत नाही. एवढं कळलं की शेवंता मावशींनी मागितलं होतं आणि बाईंनी हो म्हटलं होतं. खापर विझेपर्यंत त्या बसल्या, मग राख घेऊन काठी टेकत उतरल्या. मी झाडामागून बाहेर आलो नाही. आणि त्याबद्दल आजपर्यंत त्यांच्याशी किंवा कुणाशीही बोललो नाही. बाई हे वाचतील तेव्हा रागावतील. रागावू देत.

बाईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. गुडघे दुखतात, एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे, आणि सड्याचा चढ कमी झालेला नाही. यंदाही शिमगा झाला, रोगाच्या ओळी पिवळ्या पडल्या. मी रोज सकाळी शेतात गेलो की आधी दगडाकडे बघतो आणि मगच वही उघडतो. आज सकाळीही ती पाच फूट हिरवी होती. बाई, तुम्हाला उदंड, निरोगी आयुष्य लाभो असं सगळेच म्हणतील, मीही म्हणतो. पण माझं मागणं त्याहून लहान आहे. ती जागा पिवळी पडलेली मला कधी बघावी लागू नये.

आणि खालचं फाटक साडेपाचनंतर लावायचं नाही, रिक्षा दगडापर्यंत येऊ द्यायची, असं मी रखवालदाराला सांगून ठेवलं आहे.